तोंड, घसा आणि मानेच्या बायोप्सीचा अहवाल : रुग्ण व नातेवाइकांसाठी माहितीपत्रक

तोंड, जीभ, स्वरयंत्र, नाक, लाळग्रंथी, थायरॉइड किंवा मानेतील गाठ यांतून काढलेला तुकडा तपासल्यावर अहवालात जे लिहून येते, ते रुग्णाला आणि घरच्यांना नीट उमगावे, यासाठी हे पत्रक आहे.

जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतून आमच्या प्रयोगशाळेत येणाऱ्या अशा तुकड्यांत गालाच्या आतील भाग आणि हिरडीलगतची खाच यांचे तुकडे सर्वांत जास्त असतात, कारण चुना लावून मळलेली तंबाखू किंवा गुटखा बहुतेक जण तिथेच धरून ठेवतात. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. सवय मात्र सुटलेली दिसत नाही.

तोंडाच्या कर्करोगांपैकी ९० टक्क्यांहून अधिक कर्करोग ‘स्क्वॅमस सेल कार्सिनोमा’ या एकाच प्रकारचे, म्हणजे तोंडाच्या अस्तरातील पेशींपासून निघालेले असतात. त्यासोबत लिहिलेली ग्रेड ही त्या पेशी मूळ अस्तराच्या पेशींपासून किती वेगळ्या दिसतात, एवढेच सांगते. स्टेज ही निराळी गोष्ट असून गाठीचा आकार, मानेतील गाठी आणि स्कॅन पाहून ती उपचार करणारे डॉक्टर ठरवतात. ‘ग्रेड दोन’ वाचून ‘दुसरी स्टेज’ आहे असे कोणीही परस्पर ठरवू नये.

कर्करोग होण्याआधीच्या अवस्था अधिक लक्षपूर्वक वाचाव्यात, कारण उपाय करायला तिथेच सर्वाधिक वाव असतो. पांढऱ्या चट्ट्याच्या तुकड्यात कधी केवळ जाड झालेले अस्तर दिसते, तर कधी ‘डिस्प्लेसिया’, म्हणजे पेशींची बिघडलेली ठेवण दिसते. ती ‘सिव्हिअर’, म्हणजे तीव्र असल्यास चट्टा काढून टाकणेच योग्य. लाल चट्टा पांढऱ्यापेक्षा जास्त धोक्याचा समजावा. सुपारीमुळे होणाऱ्या ‘सबम्युकस फायब्रोसिस’मध्ये अस्तराखाली घट्ट तंतू साचतात आणि तोंड दिवसेंदिवस कमी उघडते, दोन बोटेही आत जात नसतील, तर तुकडा काढणेसुद्धा अवघड होते.

मानेतील गाठ म्हणजे कर्करोगच, असे नाही. तरुण रुग्णांत ती पुष्कळदा क्षयाची निघते. क्षयाची शंका असल्यास तुकड्याचा काही भाग फॉर्मलिनमध्ये, म्हणजे तुकडा टिकवणाऱ्या द्रावणात, न टाकता निर्जंतुक सलाईनमध्ये वेगळा पाठवावा, कारण फॉर्मलिनमध्ये जंतू मरतात आणि मग कल्चर, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याची तपासणी, करता येत नाही. उलट, तंबाखू खाणाऱ्या प्रौढ माणसाच्या मानेत कठीण गाठ आली, तर मूळ तोंडात किंवा घशात शोधावेच लागते. कानाखालच्या लाळग्रंथीतील ‘प्लिओमॉर्फिक ॲडिनोमा’ हा गाठीचा प्रकार कर्करोग नव्हे. तरीही तो अर्धवट काढल्यास पुन्हा वाढतो.

इतर सर्व तुकडे रुंद तोंडाच्या बाटलीत, तुकड्याच्या दहापट तरी १० टक्के फॉर्मलिनमध्ये बुडवून आणावेत. मे महिन्यात साध्या पाण्यात ठेवून शहाद्याहून एसटीने आणलेला तुकडा वाटेतच सडू लागतो, आणि मग कितीही चांगली स्लाइड (सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची काचपट्टी) केली तरी पेशी ओळखू येत नाहीत. जागा, बाजू आणि व्यसनाचा इतिहास चिठ्ठीवर डॉक्टरांकडून लिहून घ्यावा.

सुरी लागली की रोग पसरतो, या भीतीने अनेक जण महिनोन्‌महिने थांबतात. तोंडाच्या जखमेबाबत नुकसान होते ते या थांबण्यानेच. अहवालात कर्करोग नाही असे आले, पण जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही, तर दुसऱ्या जागेचा तुकडा पुन्हा तपासावा. दुसऱ्या तज्ज्ञांचे मत हवे असल्यास स्लाइड आणि तुकडा ज्यात जपून ठेवलेला असतो ते मेणाचे ब्लॉक मागून न्यावेत.