गोळी काही तासांत कामाला लागते, मग आराम पडायला महिना का लागतो?

नैराश्याची गोळी सुरू केलेल्या माणसाला आठव्या-दहाव्या दिवशी हमखास ऐकावं लागतं, "काही फरक नाही ना? मग सोडून दे. मन खंबीर कर." नेमकं याच सुमाराला त्याला मळमळतं, झोप मोडते, जीव कासावीस होतो. त्रास रोख आणि फायदा उधार, अशी ही अवस्था. अनेक जण इथेच गोळी बंद करतात, आणि मानसिक आजारावर औषधाचा उपयोग नसतो हा समज आणखी पक्का होतो.

गोळीचं वेळापत्रकच तसं असतं. फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, एस्सिटालोप्रॅम ही एसएसआरआय गटातली औषधं. एक चेतापेशी दुसरीला संदेश देताना मधल्या फटीत सेरोटोनिन हे निरोप्या रसायन सोडते आणि काम झालं की एक वाहक प्रथिन ते परत आत ओढून घेतं. औषध हा वाहक अडवतं. ही अडवणूक पहिल्या गोळीनंतर काही तासांतच सुरू होते. मग घोडं अडतं कुठे?

मेंदूतल्या सेरोटोनिन बनवणाऱ्या बहुतेक चेतापेशी त्याच्या देठात, राफे नावाच्या केंद्रकांत असतात. तिथून त्यांचे तंतू जवळजवळ सगळ्या मेंदूभर पसरतात. या पेशींच्या अंगावरच 5-एचटी-1ए नावाचे ग्राही, म्हणजे रसायनाची चाहूल घेणारी प्रथिनं, असतात. त्यांचं काम स्वतःच सोडलेलं सेरोटोनिन मोजण्याचं. पातळी वाढली की ते पोटॅशियमचे मार्ग उघडतात, धनभारित पोटॅशियम पेशीबाहेर जातं, आतला विद्युतदाब आणखी ऋण होतो आणि पेशीचे स्पंद मंदावतात. पाण्याच्या टाकीतल्या बॉलकॉकसारखी ही व्यवस्था आहे. औषधाने टाकीची मोरी बंद केली, पाणी चढलं, तर बॉलकॉकने वरचा नळच बंद केला! त्यामुळे पहिल्या दिवसांत वाहक अडलेला असूनही दूरच्या भागांत सेरोटोनिन अपेक्षेइतकं वाढत नाही.

प्राण्यांवरच्या प्रयोगांत असं दिसतं, की दोन-तीन आठवडे सतत औषध मिळालं की हे ग्राही बोथट होतात. पेशी पुन्हा पूर्वीच्या वेगाने स्पंदू लागतात, वाहक मात्र अडलेलाच असतो. खरी वाढ आता होते. बॉलकॉकच आधी अडवावा म्हणून पिंडोलोल हे औषध जोडीला देऊन पाहिलं गेलं. काही चाचण्यांत सुधारणा लवकर दिसली, काहींत नाही. म्हणजे उशिराचं हे एकमेव कारण नव्हे. चेतापेशींच्या वाढीला मदत करणारी बीडीएनएफसारखी प्रथिनं आणि चेतापेशींमधल्या जोडण्यांची फेररचना हाही त्याचा भाग मानला जातो, आणि तेही सावकाश चालणारं काम आहे.

या उशिराचा फायदा भलतेच घेतात. चौथ्या आठवड्यात बरं वाटू लागतं आणि श्रेय त्याच आठवड्यात बांधलेल्या ताईताला किंवा इंटरनेटवरून मागवलेल्या 'मूड' पावडरीला जातं.

दुसरी अतिशयोक्ती सुशिक्षितांची. 'नैराश्य म्हणजे सेरोटोनिनची कमतरता' हे सरळसोट समीकरण पुराव्यावर टिकत नाही. 2022 मधल्या एका मोठ्या आढाव्याने तेच सांगितलं आणि 'गोळ्या निरुपयोगी' असे मथळे झळकले. मथळ्यांचा हा निष्कर्ष चुकीचा. 2018 मध्ये 522 चाचण्यांचं एकत्रित विश्लेषण झालं. त्यात तपासलेली 21 च्या 21 औषधं खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली. सरासरी फरक माफकच होता, चमत्कार नव्हे. कलंक घालवायला म्हणून केलेला 'मेंदूतलं रसायन बिघडलंय' हा प्रचारही दुधारी आहे. अशा स्पष्टीकरणाने रुग्णाला दोष देणं कमी होतं, पण 'हा आता बरा होणार नाही' ही भावना वाढते, असं अभ्यासांत दिसलं आहे.

आता व्यवहाराचं. शरीरातलं सुमारे 90 टक्के सेरोटोनिन आतड्यांत असतं, म्हणून सुरुवातीला मळमळ होते. जेवणानंतर गोळी घेतली तर ती कमी होते आणि बहुधा एक-दोन आठवड्यांत थांबते. झोप उडत असेल तर गोळी सकाळी घेता येते का, हे विचारावं. कामेच्छा कमी होणं हा नेहमीचा दुष्परिणाम आहे. संकोचापायी तो लपवला जातो आणि गोळी गुपचूप बंद होते. डॉक्टरांना सांगितलं तर डोस किंवा औषध बदलता येतं. पुरेशा डोसवर चार आठवडे होऊनही काहीच फरक नसेल, तर तोच उपचार तसाच रेटण्यात अर्थ नाही. पंचविशीच्या आतल्या रुग्णांत पहिल्या काही आठवड्यांत आत्महत्येचे विचार वाढू शकतात. तसं बोलणं कानावर आलं, किंवा झोपेविना अचानक प्रचंड उत्साह दिसला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावं.

बरं वाटू लागल्यावरही औषध साधारण सहा महिने किंवा अधिक चालू ठेवतात. या गोळ्यांची नशा होत नाही, तलफही येत नाही. पण एकदम बंद केल्या तर चक्कर, चिडचिड, डोक्यात विजेचे झटके असं होऊ शकतं. याच गटातलं पॅरोक्सेटिन शरीरातून झपाट्याने जातं, त्यामुळे त्याचा त्रास जास्त. फ्लुओक्सेटिन आणि त्यातून बनणारा घटक कित्येक आठवडे रेंगाळतो, म्हणून कमी. डोस उतरवतानाचं गणितही सरळ रेषेतलं नाही. याच गटातल्या सिटालोप्रॅमच्या 20 मिलिग्रॅमला सुमारे 80 टक्के वाहक अडतात, पण 5 मिलिग्रॅमलाही निम्म्याहून अधिक अडलेलेच असतात. 20 वरून 10 वर येणं सोपं जातं, 5 वरून शून्यावर येताना मात्र मोठी घसरण होते. म्हणून शेवटच्या पायऱ्या सर्वांत लहान ठेवाव्या लागतात, कधी गोळीऐवजी द्रवरूप औषध मोजून.