अभ्यासवृत्ती : लेखकाला दोन वर्षं देणाऱ्या योजनेची पार्श्वभूमी

केंद्र सरकारच्या वरिष्ठ अभ्यासवृत्तीत चाळिशी ओलांडलेल्या, आपल्या क्षेत्रात नाव असलेल्या व्यक्तीला दोन वर्षं दरमहा २०,००० रुपये मिळतात. २५ ते ४० वयाच्यांसाठी कनिष्ठ अभ्यासवृत्ती आहे, तिचे १०,०००. नाट्य, संगीत, चित्रकला यांच्याबरोबर साहित्यालाही तिथे जागा आहे. नोकरी, सदरं आणि भाषांतरांच्या कामात दिवस संपणाऱ्या मराठी लेखकाच्या दृष्टीने यातली खरी मोलाची गोष्ट पैशाने विकत मिळणारा वेळ ही आहे.

या वृत्तीला मराठीत एक ठरलेलं नाव नाही. ‘शिष्यवृत्ती’ म्हटलं की विद्यार्थी डोळ्यांसमोर येतो, आणि पंचावन्न वर्षांच्या कवीला ते अवघडल्यासारखं होतं. ‘अधिछात्रवृत्ती’ पीएच.डी.वाल्यांची. ‘पाठ्यवृत्ती’ मागे पडला, ‘अभ्यासवृत्ती’ टिकला. पण अभ्यास म्हणजे संशोधन, असा त्याचा अर्थ योजनेने लावला आहे. ही वृत्ती आत्मचरित्र किंवा ललित कथात्म लेखन यांसाठी नाही, असं नियमांतच म्हटलं आहे. म्हणजे कादंबरीकाराने अर्ज करायचा तर कादंबरी बाजूला ठेवून लोककथांचा किंवा बोलीचा संशोधन-प्रकल्प मांडायचा. सार्वजनिक पैशाचा हिशेब द्यावा लागतो, संशोधनाची प्रगती सहामाही अहवालात दाखवता येते, हा युक्तिवाद समजतो. तरी १९७८पासून दलित आत्मकथनांनी ज्या भाषेचं साहित्य हलवून सोडलं, तिथल्या लेखकाला ‘आत्मचरित्र नको’ सांगणं मला चुकीचंच वाटतं.

संशोधनासाठी दिलेला वेळ लेखकाच्या हाती काय करतो, याचं मराठीतलं ठळक उदाहरण १९७३चं आहे. एका नामवंत नाटककाराला देशातल्या वाढत्या हिंसाचाराच्या अभ्यासासाठी प्रतिष्ठेची राष्ट्रीय फेलोशिप मिळाली. पुढच्या दशकात त्यांनी लिहिलेल्या गाजलेल्या पटकथांचा गाभा सत्ता आणि हिंसा हाच होता. विषय कागदावर संशोधनाचा होता, पण तो कामी आला सर्जनाच्या. आजच्या नियमात हा दुवा कुठे बसवायचा?

मुळात लेखकाला पैसा कशासाठी द्यायचा, हा वाद पुण्यात जुना आहे. पेशवाईत श्रावणमासात वाटली जाणारी दक्षिणा इंग्रजांनी कमी करून चालू ठेवली. तिच्यातूनच १८२१मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. १८४९मध्ये काही सुधारक तरुणांनी अर्ज केला, की यातली रक्कम मराठी ग्रंथकारांना, जात न पाहता, द्यावी. सनातन्यांनी त्यावर रान उठवलं. त्यानंतर मराठी पुस्तकांसाठी दक्षिणा प्राइज कमिटी आली आणि याच निधीतून महाविद्यालयात ‘दक्षिणा फेलो’ही नेमले गेले. स्वातंत्र्यानंतर सगळा भर पारितोषिकांवर गेला. १९५५पासून भाषावार दिला जाणारा राष्ट्रीय पुरस्कार आधी ५,००० रुपयांचा होता, आता एक लाखाचा आहे. पण तो छापून झालेल्या पुस्तकाला.

अलीकडे खासगी पैसाही आला. बेंगळुरूच्या एका प्रतिष्ठानाने २०२१मध्ये मराठीसह दहा भारतीय भाषांतून इंग्रजीत भाषांतर करणाऱ्यांसाठी सहा महिन्यांची, सहा लाखांची फेलोशिप जाहीर केली. मूळ पुस्तक १८५०नंतरचं हवं, आणि ललितेतर.