ताटाभोवतीचे पाणी: जेवणाआधीच्या कृतज्ञतेची पार्श्वभूमी

पान वाढून झाले की पहिल्या घासाआधी मराठी घरात तीन गोष्टी होत आल्या आहेत. ताटाभोवती पाणी फिरवायचे, ताटाच्या उजव्या हाताला भाताची शिते मांडायची आणि 'वदनी कवळ घेता' म्हणायचे. पंगतीत हे सगळे अर्ध्या मिनिटात उरकते, त्यामुळे ती एकच रीत वाटते. प्रत्यक्षात पाणी वैदिक यज्ञातून आले आहे, शिते पुराणातल्या यमलोकाच्या कल्पनेतून आली आहेत आणि श्लोक संतांच्या नामभक्तीतून. तिघांना जोडणारा धागा मात्र एक आहे: आपण खातो ते कोणाचे, आणि खाणारा कोण.

'कृतज्ञ' या शब्दात हा धागा दिसतो. कृत म्हणजे केलेले, ज्ञ म्हणजे जाणणारा. आपल्यासाठी कोणी काय केले हे ज्याला ठाऊक आहे, तो कृतज्ञ. शब्दाच्या मुळाशी जाणीव आहे. मन भरून येणे हे त्यानंतरचे. मराठीत उपकार 'फेडायचे' असतात, आईबापांचे पांग 'फेडायचे' असतात. ही भाषा हिशेबाची, कर्जाची आहे आणि ती फार जुनी आहे. तैत्तिरीय संहितेत (6.3.10) ब्राह्मण जन्मतःच तीन ऋणे घेऊन येतो: ऋषींचे ऋण अध्ययनाने फिटते, देवांचे यज्ञाने आणि पितरांचे संततीने. शतपथ ब्राह्मणाने (1.7.2) त्यात चौथे, माणसांचे ऋण घातले. ते फेडायचे कसे, याचे उत्तरही तिथेच आहे: दारी आलेल्याला राहायला जागा द्यायची आणि खायला घालायचे.

फेड रोजची आणि प्रत्येकाच्या आवाक्यातली असावी, याची काळजी त्याच ग्रंथात पुढे (11.5.6) घेतलेली आहे. भूत (म्हणजे सगळे जीव), मनुष्य, पितर, देव आणि ब्रह्म यांच्यासाठी रोज करायचे पाच महायज्ञ तिथे सांगितले आहेत. नाव 'महायज्ञ' असले तरी किमान मर्यादा अगदी लहान आहे. देवांसाठी अग्नीत एक समिधा टाकली तरी चालते. पितरांसाठी आणि माणसांसाठी नुसते भांडेभर पाणी दिले तरी तो दिवस चुकत नाही. ब्रह्मयज्ञ म्हणजे स्वाध्याय, रोजचे थोडे पठण. गरिबालाही पाळता येईल असा हा नेम आहे, आणि म्हणूनच तो टिकला असे आम्हाला वाटते.

आता ताटाभोवतीच्या पाण्याकडे येऊ. 'मुंग्या येऊ नयेत म्हणून' हे त्याचे स्पष्टीकरण घरोघर ऐकायला मिळते. शेणाने सारवलेल्या जमिनीवर पान मांडलेले असताना तो फायदा होत असेलही. पण पाणी फिरवताना म्हणायचा मंत्र वेगळे सांगतो. दिवसा 'सत्यं त्वर्तेन परिषिञ्चामि' आणि रात्री 'ऋतं त्वा सत्येन परिषिञ्चामि' असे म्हणतात. हे शब्द तैत्तिरीय ब्राह्मणात (2.1.11) अग्निहोत्राच्या, म्हणजे रोज सकाळ-संध्याकाळ अग्नीत आहुती देण्याच्या, प्रकरणात आहेत. तिथे पाणी फिरवायचे ते अग्नीभोवती. अग्नी म्हणजे ऋत (विश्वाचा नियम) आणि सूर्य म्हणजे सत्य, असा अर्थही तिथेच दिला आहे. संध्याकाळी समोरच्या अग्नीला सूर्याने वेढायचे, सकाळी सूर्याला अग्नीने. त्यामुळे दोन वेळचे मंत्र उलटसुलट आहेत. रात्रीच्या जेवणाला दिवसाचा मंत्र म्हणणे ही एकच मंत्र पाठ असला की होणारी चूक आहे.

यज्ञवेदीभोवतीचे पाणी ताटाभोवती आले, तर मग अग्नी कुठे आहे? याचे उत्तर छांदोग्य उपनिषदाच्या पाचव्या अध्यायात मिळते. आत्मा म्हणजे काय हे समजून घ्यायला सहा विद्वान गृहस्थ केकय देशाच्या अश्वपती राजाकडे जातात. तुम्ही कशाची उपासना करता, असे तो प्रत्येकाला विचारतो. द्युलोक, सूर्य, वायू, आकाश, पाणी, पृथ्वी अशी सहा उत्तरे येतात. राजा म्हणतो, हे सगळे एकाच वैश्वानर, म्हणजे सर्वांमध्ये असलेल्या, आत्म्याचे अवयव आहेत: द्युलोक हे डोके, सूर्य हा डोळा, वायू हा प्राण, पृथ्वी हे पाय. मग तो खाणाऱ्या माणसाच्या शरीरातच यज्ञशाळा दाखवतो. छाती ही वेदी, अंगावरचे केस हे दर्भ, हृदय हा गार्हपत्य, म्हणजे घरात कायम जपलेला अग्नी, आणि तोंड हा आहवनीय, म्हणजे ज्यात आहुती पडते तो अग्नी. ताटात जे पहिल्यांदा येईल ते होमाचे, असे वाक्य पुढे आहे. पहिल्या घासाला आपल्याकडे एवढे महत्त्व आहे ते यामुळे.

प्राणाहुतीची, म्हणजे पहिले घास प्राणांना आहुती म्हणून देण्याची, सगळी कृती या कल्पनेवर उभी आहे. आधी आपोशन: उजव्या हाताची गोकर्णासारखी ओंजळ करून उडदाचा दाणा जेमतेम बुडेल इतके पाणी घ्यायचे आणि 'अमृतोपस्तरणमसि स्वाहा' म्हणून आवाज न करता प्यायचे. उपस्तरण म्हणजे खाली अंथरायचा थर. मग डावा हात ताटाला लावून भाताचे लहान लहान घास प्राण, अपान, व्यान, उदान, समान या शरीरातल्या पाच प्राणांच्या नावाने 'स्वाहा' म्हणत घ्यायचे आणि सहावा 'ब्रह्मणे स्वाहा' म्हणून. (उपनिषदातला क्रम प्राण, व्यान, अपान, समान, उदान असा आहे, रूढीत तो बदलला.) हे घास दाताला न लावता गिळायचे असतात, म्हणून ते मऊ भाताचे आणि तूप घातलेले हवेत. त्यांत मीठ नसावे, कारण होमाच्या हविर्द्रव्यात खारे चालत नाही. पानात मीठ वेगळे, कोपऱ्यात वाढायची रीत इथे उपयोगी पडते. आमटी कालवून घेतलेल्या भाताने प्राणाहुती घेतली की कृतीचा अर्थच निघून जातो. जेवण संपल्यावर 'अमृतापिधानमसि स्वाहा' म्हणून पुन्हा पाणी प्यायचे. अपिधान म्हणजे झाकण. खाली अंथरूण, वर झाकण आणि मध्ये अन्न.

उपनिषदाने तृप्तीची साखळीही दिली आहे. प्राण तृप्त झाला की डोळा तृप्त होतो, डोळ्याने सूर्य, सूर्याने द्युलोक. प्रत्येक आहुतीमागे अशी एक ओळ आहे. भुकेली मुले आईभोवती बसावीत तशी सगळी भूते या अग्निहोत्राभोवती बसलेली असतात, असे त्या प्रकरणाच्या शेवटी म्हटले आहे. हे न जाणता आहुती देणे म्हणजे निखारे बाजूला सारून राखेत हवन करणे, असेही तिथे बजावले आहे. नुसत्या कृतीला किंमत नाही. खाणाऱ्याने स्वतःकडे कसे पाहिले, यावर ती ठरते. स्वतःची ओळख आणि कृतज्ञता एकाच घासात आणणारा याहून थेट उतारा आम्हाला माहीत नाही.

चित्राहुती या वैदिक कृतीला नंतर येऊन चिकटली. पाण्याने ओल्या केलेल्या जागेवर चित्र, चित्रगुप्त, यम आणि सर्व भूते यांच्या नावाने भाताचे छोटे भाग मांडतात. संख्या घराण्याप्रमाणे तीन ते पाच. चित्रगुप्त हा यमाचा हिशेबनीस. जेवायला बसताना हिशेब ठेवणाऱ्याचे स्मरण करायचे, म्हणजे ऋणाची जुनी कल्पना इथे पौराणिक वेषात परत आली. उत्तरापोशनाच्या, म्हणजे जेवणानंतरच्या त्या पाण्याच्या, वेळी थोडे पाणी जमिनीवर सोडण्याचीही रीत आहे. रौरव नरकात पाण्यासाठी तळमळणाऱ्यांना ते पोचावे, अशी त्यामागची प्रार्थना आहे. जेवून तृप्त झालेल्या माणसाने, ज्यांच्यासाठी कोणी काही करणार नाही त्यांची आठवण ठेवावी, हे विलक्षण आहे.

आता या परंपरेची अवघड बाजू. मनुस्मृतीने (3.68) पंचमहायज्ञांचे कारण म्हणून गृहस्थाच्या घरातल्या पाच 'सूना', म्हणजे जीवहत्येच्या जागा मोजल्या: चूल, जाते, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा. दळताना, कांडताना, झाडताना कळत-नकळत जीव मरतात, त्याची भरपाई रोज करायची. अन्नामागे हिंसा आहे हे कबूल करण्याचा प्रामाणिकपणा यात आहे. पण या पाचही वस्तू घरातल्या बाईच्या हातातल्या होत्या. दळण, कांडण, पाणी तिचे; वैश्वदेव, म्हणजे शिजलेल्या अन्नाची रोजची आहुती, करून भरपाई करायचा अधिकार मात्र यजमानाचा. समंत्रक प्राणाहुतीही मुंज झालेल्यालाच. घरातली बाई जेवायची सगळ्यांनंतर, आणि ऋण फेडायला तिच्यापाशी मंत्र नव्हता. ज्यांना वेदाचा अधिकारच नाकारलेला होता, त्या जातींचीही हीच स्थिती होती.

हे कोडे संतांनी सोडवले. नामदेवांच्या घरी राबणाऱ्या जनाबाईने 'दळिता कांडिता तुज गाईन अनंता' म्हटले, तेव्हा स्मृतीने दोषाच्या यादीत घातलेले जाते आणि उखळ हीच नामस्मरणाची जागा झाली. ज्ञानेश्वरांनी शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, गीतेच्या तिसऱ्या अध्यायावर लिहिताना अन्नाला साधारण म्हणू नये, ते ब्रह्मरूप आहे आणि विश्वाच्या जगण्याचे कारण आहे, असे मराठीत सांगितले. मुळात ही तैत्तिरीय उपनिषदातली 'अन्नं ब्रह्म' ची शिकवण. आता ती ओवीतून कोणालाही ऐकता आली.

'वदनी कवळ' त्याच वाटेवर आहे. परंपरेने तो श्लोक समर्थ रामदासांच्या (1608–1682) नावावर म्हटला जातो. पुष्कळांना तो मनाच्या श्लोकांतला वाटतो, पण त्या 205 श्लोकांत तो नाही. तिथला भोजनाचा श्लोक 'जनी भोजनी नाम वाचे वदावे' हा, 89 वा. दोन्हींची चालही वेगळी आहे: मनाचे श्लोक बारा अक्षरांच्या भुजंगप्रयातात, तर 'वदनी कवळ' पंधरा अक्षरांच्या मालिनी वृत्तात. मालिनीत पहिली सहा अक्षरे लघू लागतात, म्हणून वृत्तात म्हणायचे तर 'वदनि कवळ' आणि 'जिवन करि जिवित्वा' असे ऱ्हस्व उच्चार हवेत. आज छापले जाणारे 'जीवन करी' ओढून म्हणावे लागते आणि मुले तिथेच अडखळतात.

अर्थाच्या दृष्टीने 'सहज हवन होते नाम घेता फुकाचे' ही ओळ सर्वांत मोलाची आहे. 'फुकाचे' याचा अर्थ इथे निरर्थक असा नसून विनामूल्य, खर्चावाचून असा आहे. समिधा, तूप, जानवे, संस्कृत यांपैकी काहीच लागत नाही. हवन होते ते सहज. 'उदरभरण नोहे जाणिजे यज्ञकर्म' यात अश्वपतीने दाखवलेली यज्ञशाळा पुन्हा उभी राहते, आणि 'जाणिजे' या क्रियापदात जाणण्यावरचा तो जुना भरही कायम आहे.

आज अनेक शाळांत पोषण आहाराआधी मुले हा श्लोक एका सुरात म्हणतात. केंद्राची ही योजना 15 ऑगस्ट 1995 ला सुरू झाली. श्लोक टिकला, पण त्याआधी काढायचा वाटा बहुतेक ठिकाणी गळून पडला. घरातही टेबलावर जेवताना शिते मांडायची कुठे, म्हणून चित्राहुती सुटली, आणि काकबळी, म्हणजे कावळ्यासाठी काढायचा घास, पितृपक्षापुरता उरला. ज्यांना हा वाटा पुन्हा सुरू करायचा आहे त्यांनी ताटाशेजारी एक छोटी वाटी ठेवावी. भाजी-आमटी वाढण्याआधी, कोरड्या भाताचा किंवा पोळीचा सुपारीएवढा तुकडा तिच्यात काढावा आणि जेवण झाल्यावर पक्ष्यांना किंवा गाईला घालावा. वाटी शेवटी भरायची ठेवली की तिच्यात उष्टे आणि उरलेसुरले जाते. हा वाटा पहिल्या घासाआधीचाच असतो.