अर्बन फँटसी कादंबऱ्यांतील आजचा जादूगार

आजच्या, ओळखीच्या शहरात जादू, भुते, पिशाच्चे आणि परीलोकातील मंडळी लपूनछपून नांदतात, असे गृहीत धरून लिहिलेल्या कादंबरीला अर्बन फँटसी म्हणतात. इंग्रजीत हा प्रकार १९८० च्या दशकात आकाराला आला. एमा बुल यांच्या ‘वॉर फॉर द ओक्स’मध्ये (१९८७) मिनीआपोलिस शहरात परीलोकातले युद्ध पेटते. पुढे पोटापाण्यासाठी जादू करणारा नायक आला आणि वाचकांनी त्याला डोक्यावर घेतले.

जिम बुचर यांचा हॅरी ड्रेस्डेन हा त्यांतला सर्वांत गाजलेला. ‘स्टॉर्म फ्रंट’पासून (२०००) सुरू झालेली ही मालिका शिकागोत घडते. हॅरीचे नाव टेलिफोन डिरेक्टरीत जादूगार म्हणून छापलेले असते. पोलिसांना चमत्कारिक गुन्ह्यांत सल्ला देऊन तो चार पैसे मिळवतो, तरी भाड्याची ओढाताण संपत नाही. जादूगाराच्या सान्निध्यात आधुनिक यंत्रे बिघडतात, म्हणून तळघरातल्या त्याच्या बिऱ्हाडात वीज नाही: उजेड मेणबत्त्यांचा, फ्रिजच्या जागी बर्फाची पेटी, आणि शिकागोच्या थंडीतही आंघोळ गार पाण्याने. या कादंबऱ्यांची खरी ओढ इथे आहे. शक्ती अफाट, पण तिची किंमत रोज मोजावी लागते.

जादूला कायदेकानूही असतात. याच मालिकेतल्या ‘डेड बीट’मध्ये (२००५) मृत माणसाला उठवणे निषिद्ध आहे, आणि प्रेत जितके जुने तितकी त्यातली ताकद मोठी. ही बंदी फक्त माणसांपुरती आहे, हे हेरून हॅरी शिकागोच्या फील्ड म्युझियममधल्या ‘सू’ या टायरॅनोसॉरस डायनोसॉरच्या सांगाड्यालाच जागे करतो आणि त्यावर स्वार होऊन निघतो. ‘सू’ तिथे खरोखरच आहे. सांगाडा १९९० मध्ये साउथ डकोटात सापडला. नियम आधी चोख सांगितलेले असल्यामुळे ही पळवाट वाचताना अंगावर रोमांच उभे राहतात. सुरुवातीच्या भागांत हॅरीची स्त्रियांकडे पाहण्याची नजर मात्र खटकते, आणि तो आक्षेप रास्त आहे.

बेन अ‍ॅरोनोविच यांच्या ‘रिव्हर्स ऑफ लंडन’मध्ये (२०११) शहर आणखी जवळून दिसते. पीटर ग्रँट हा नवखा पोलीस शिपाई कॉव्हेंट गार्डनमध्ये खुनाच्या जागी पहारा देत असताना एक साक्षीदार पुढे येतो, तो असतो भूत. पीटर रीतसर त्याचा जबाब घेऊ लागतो. इथली जादू आयझॅक न्यूटनने शास्त्रात बसवलेली. ती इलेक्ट्रॉनिक चिपचा चुरा करते, तेव्हा पीटर त्याचेही प्रयोग करून पाहतो. फ्लीट आणि टायबर्न या नद्या आज लंडनच्या पोटातून, भुयारी गटारांतून वाहतात. कादंबरीत त्या हाडामांसाच्या बायका आहेत, आणि त्यांची आई थेम्स नायजेरियाहून आलेली. स्थलांतरितांनी घडवलेल्या शहराला इतकी साजेशी दैवतकथा क्वचितच लिहिली गेली असेल.

रशियन भाषेत सेर्गेई लुक्यानेंको यांच्या ‘नाइट वॉच’मध्ये (१९९८) मॉस्कोतले जादूगार दोन तटांत विभागून एकमेकांवर पाळत ठेवतात, तिथे जादूलाही सरकारी कचेरीचा वास आहे.

मराठीत या नायकाच्या सर्वांत जवळचा म्हणजे नारायण धारप यांचा समर्थ. तोही आपल्याच काळात वावरतो आणि अभ्यासाने कमावलेल्या सामर्थ्यावर दुष्ट शक्तींशी झुंजतो. धारपांचा भर मात्र भयावर आहे. शिकागो किंवा लंडनसारखे शहर त्यांच्या कथांत पात्र होऊन येत नाही.