चालून आल्यावरचे बीपी आणि चालण्याने उतरलेले बीपी

साठी ओलांडल्यावर रोज चालावे, जिने चढावे, बागेत खुरपणी करावी, हे आता कोणालाही पटवून द्यावे लागत नाही. घोटाळा होतो तो यंत्राचा पट्टा दंडाला बांधल्यावर. पाऊण तास चालून आलेले आजोबा सोफ्यावर टेकतात, एरवी १४६ असणारा वरचा आकडा १२४ दिसतो, तो कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जातो आणि त्या दिवसाची गोळी डबीतच राहते. आकडा खोटा नसतो, परंतु त्यावरून काढलेला निष्कर्ष साफ चुकीचा असतो.

चालत असताना वरचा दाब वाढतो आणि तो वाढलाच पाहिजे, कारण हृदय अधिक रक्त ढकलत असते. खालचा आकडा फारसा हलत नाही. थांबल्यानंतर काही वेळाने मात्र दाब चालण्यापूर्वीच्या पातळीच्याही खाली जातो, कारण काम केलेल्या स्नायूंतील रक्तवाहिन्या लगेच आकसत नाहीत आणि दाबाचे नियमन करणारी चेतासंस्थाही काही काळ खालच्या पातळीवर समाधान मानते. ही घट काही तास, तर काही जणांत जवळजवळ दिवसभर टिकते. महत्त्वाचे म्हणजे ती पहिल्याच दिवशी चालायला निघालेल्या माणसातही दिसू शकते, त्यामुळे ती सवयीचे फळ आहे असे मानण्यास काहीच आधार नाही.

सवयीने उतरणारा दाब हा निराळा प्रकार आहे. आठवड्यातील बहुतेक दिवस चालणाऱ्याच्या रक्तवाहिन्यांचे आतले अस्तर त्यांना सैल करण्याचे काम अधिक चांगले करू लागते आणि त्यांना आकसवणाऱ्या चेतातंतूंचा ताण कमी होतो. पण याला साधारण एक ते तीन महिने लागतात, आणि चालणे सुटले की काही आठवड्यांत ही कमाई ओसरते. वाढलेला दाब असलेल्यांमध्ये वरचा आकडा यामुळे सरासरीने ५ ते ८ मिलिमीटरने (यंत्रावरचे आकडे पाऱ्याच्या मिलिमीटरमध्येच असतात) खाली येतो. उतारवयात वरचा आकडा वाढतो तो बव्हंशी मोठ्या धमन्या ताठर झाल्यामुळे, आणि तो ताठरपणा चालण्याने पूर्ण जात नाही; म्हणून १६० चे १२० होण्याची वाट पाहणे व्यर्थ आहे. तरीही ५ मिलिमीटरला क्षुल्लक म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही, कारण पक्षाघाताचा धोका तेवढ्यानेही घटतो. गोळी कमी करायची की नाही, हे मात्र अनेक दिवसांच्या नोंदी पाहून डॉक्टरांनीच ठरवावे.

त्या नोंदींसाठी चालणे, चहा आणि तंबाखू यांनंतर किमान अर्धा तास जाऊ द्यावा आणि शक्यतो सकाळी चालायला निघण्यापूर्वीच मोजावे. लघवीला जाऊन यावे, पाठ टेकून आणि पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटे न बोलता बसावे, दंड हृदयाच्या उंचीवर ठेवावा, एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून सरासरी लिहावी. मनासारखा आकडा येईपर्यंत पट्टा आवळत राहणे हे मोजमाप नव्हे. मनगटी यंत्रापेक्षा दंडाचे यंत्रच घ्यावे, असे माझे ठाम मत आहे.

चालून आल्यावरची घट निरुपद्रवी असतेच असे नाही. लघवी वाढवणाऱ्या किंवा प्रोस्टेटसाठी दिल्या जाणाऱ्या काही गोळ्या घेणारा वृद्ध चालून येताच कढत पाण्याने अंघोळीला गेला, तर दाब आणखी उतरून बाथरूममध्ये भोवळ येऊ शकते. थोडे पाणी पिऊन काही वेळ बसावे आणि मग कोमट पाण्याने अंघोळ करावी. उलट, विश्रांतीतच दाब १८०/११० किंवा त्याहून अधिक असेल, तर चालण्याचा नेम सुरू करण्याआधी डॉक्टरांना भेटावे.

घरकाम व्यायामात धरायचे का, या प्रश्नावर होणारे वाद मला निरर्थक वाटतात. बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही इतका श्वास वाढला, तर केर काढणेही धरावे; कट्ट्यावरच्या गप्पा धरू नयेत. नाडी वेगाने पडू न देणाऱ्या बीटा ब्लॉकर गोळ्या चालू असतील, तर घड्याळावरच्या ठोक्यांपेक्षा श्वासाची हीच कसोटी अधिक भरवशाची आहे.