काकवीसारखा विचार आणि डोळ्यातली बाहुली

परवा गुजरीत एका कारागीर मित्राकडं बसलो होतो. ठुशीच्या मण्यांना डाक द्यायचं काम चाललेलं. चिमट्यात मणी, समोर ज्योत, नजर एकदम मण्यावर. दोनदा हाक मारली तरी त्याला पत्ता नाही. तिसऱ्यांदा मान वर करून म्हणाला, "काय म्हणालास? पोरीच्या फीचं डोसक्यातनं जाईनाच झालंय बघ." तोवर मणी वितळून वाकडा झाला होता.

नजर मण्यावर असूनही मणी दिसत नव्हता, हे कसं? मन भटकतं म्हणून, असं आपण सहज म्हणतो. भटकतंच ते. 2010 साली किलिंग्जवर्थ आणि गिल्बर्ट या मानसशास्त्रज्ञांनी 2250 माणसांना दिवसभरात मोबाइलवरून अवेळी विचारलं, की आत्ता हातात काम कुठलं आणि डोक्यात काय. जवळपास 47 टक्के वेळा मन कामावर नव्हतं. पण सगळं भटकणं एका जातीचं नसतं. रंकाळ्यावर भेळ खाताना 'रविवारी पन्हाळ्याला जाऊया' असा विचार येतो आणि जातो. फीचा विचार म्हणजे काकवी. एका बोटाची पुसावी तर दुसऱ्याला लागते. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन विद्यापीठातल्या संशोधकांनी अशा विचारांना 'चिकट'च म्हटलंय आणि त्यांचा माग काढलाय डोळ्याच्या बाहुलीत.

बाहुली म्हणजे खरं तर एक भोक. तिच्याभोवती गोल स्नायू असतो, तो आवळला की ती लहान होते. दुसरा स्नायू सायकलच्या चाकातल्या तारांसारखा पसरलेला, तो ओढला की मोठी होते. उजेडाचा हिशोब शाळेत शिकलोय. शाळेत न सांगितलेली गोष्ट अशी, की या ओढाताणीत मेंदूच्या देठातला एक चिमुकला ठिपकाही हात घालतो. त्याचं नाव लोकस सेरुलियस, म्हणजे लॅटिनमध्ये 'निळी जागा'. रंगद्रव्यामुळं तो खरोखरच निळसर दिसतो. मला मेंदूतला सगळ्यात आवडता भाग विचाराल तर हाच. इथल्या पेशींचे धागे जवळजवळ सगळ्या मेंदूभर पसरलेत आणि त्यांतून नॉरॲड्रेनलिन नावाचं, मेंदूला सावध करणारं रसायन शिंपडलं जातं.

या ठिपक्याच्या दोन चाली आहेत. एक संथ, सतत चालणारी. दुसरी झटक्याची: कामाची गोष्ट समोर आली की पेशी एकदम कडाडतात, बाहुली साधारण सेकंदाभरात किंचित फुलते आणि पुन्हा बसते. ॲस्टन-जोन्स आणि कोहेन या मेंदू-संशोधकांनी 2005 मध्ये मांडलं, की संथ चाल मध्यम असली तरच झटके ठसठशीत येतात. ती फार मंदावली तर माणूस पेंगतो, फार वाढली तर लक्ष दहा दिशांना पळतं, आणि दोन्ही टोकांना झटके बोथट होतात. म्हणून मन भटकताना बाहुली काही प्रयोगांत लहान भरते, तर काहींत मोठी. नुसत्या आकारावरून निकाल लावता येत नाही. बघायचा तो झटका.

ग्रोनिंगेनच्या 2020 च्या प्रयोगात तेच बघितलं. काम मुद्दाम कंटाळवाणं दिलं: पडद्यावर एकामागून एक गोष्टी येणार, बटण दाबत राहायचं, ठरावीक खूण दिसली तरच थांबायचं. मध्येच विचारायचं, आत्ता मनात काय होतं आणि ते सोडणं किती अवघड होतं? विचार चिकट असला, तर प्रश्नाच्या आधीचे बाहुलीचे झटके लहान पडलेले आढळले. समोरच्या गोष्टीला मेंदूनं दिलेली दादच कमी झालेली.

यावरून आठवलं. गेल्या आठवड्यात पेपरातून एक हँडबिल आलं: 'मिडब्रेन ॲक्टिव्हेशन, मुलांची एकाग्रता वाढवा'. बाहुली आवळणारं केंद्र खरोखरच मिडब्रेनमध्ये, म्हणजे मेंदूच्या देठाच्या वरच्या भागात आहे. अंधाऱ्या सोप्यातून उन्हाच्या अंगणात आलात की ते आपोआप कामाला लागतं, फुकट. बाकी असल्या क्लासात डोळ्यांवर पट्टी बांधून वाचून दाखवणारी पोरं नाकाशेजारच्या फटीतून वाचतात.

हे सगळं मित्राला सांगितलं. तो डोळे वटारून पुढं सरकला, "मग बघून सांग की, अजून फीचाच विचार हाय का?"

सांगता येत नाही. उजेडानं बाहुली 2 ते 8 मिलिमीटरपर्यंत बदलते, विचारानं फार तर अर्धा मिलिमीटर. दुकानापुढून टेम्पो गेला तरी त्याच्या सावलीत तेवढा फरक बुडतो. त्यात आपले डोळे गडद. बाहुलीची कडाच कळत नाही. प्रयोगशाळेत इन्फ्रारेड कॅमेरा लावतात, त्यात गडद बुबुळही फिकट दिसतं, आणि तरीही कितीतरी झटक्यांची सरासरी काढावी लागते.

तरी हौस म्हणून मोबाइलची टॉर्च मारली. बाहुली टिंबाएवढी झाली.

"काय दिसलं?"

"टॉर्च."

तो हसला आणि वाकडा मणी बाजूला टाकून दुसरा चिमट्यात धरला.