बडोदे संस्थानातील धर्माभ्यास

धर्माभ्यास, बडोदे संस्थानातील : एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून बडोद्याच्या (सध्याचे वडोदरा, गुजरात) गायकवाड दरबाराने धर्म हा अभ्यासाचा, परीक्षेचा आणि काही अंशी कायद्याचा विषय केला. ही नोंद त्या प्रयत्नाविषयी आहे. तिसरे सयाजीराव (१८६३–१९३९) यांच्या कारकिर्दीत त्याला आकार आला. धर्मकृत्याचा अधिकार कुळावरून ठरतो हा समज त्यामुळे पुसला गेला नाही, पण ‘तुम्हाला येते काय?’ हा प्रश्न त्या अधिकाराला येऊन चिकटला. हे फार मोठे काम होते.

सुरुवात दक्षिणेपासून झाली. श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटण्याची चाल तळेगावच्या सेनापती दाभाड्यांची. १७३१ मध्ये बडोद्याजवळच डभईच्या लढाईत त्र्यंबकराव दाभाडे पडले आणि पुढे पेशव्यांनी ती पुण्यात चालवली. गायकवाड हे मूळचे दाभाड्यांच्या पदरचे सरदार, तेव्हा त्यांच्या दरबारातही दानधर्माला मोठे स्थान होते. सयाजीरावांच्या काळात या दक्षिणेला परीक्षेची जोड मिळाली. ‘श्रावणमास दक्षिणा परीक्षा’ या नावाने ती ओळखली जाई आणि बाहेरगावचे शास्त्रीही तिला बसत. वेद, व्याकरण, न्याय यांत उतरलेल्याला बडोद्याचा मान मिळे, आणि तो मान त्याच्या नावासोबत आयुष्यभर राही.

१८९६ मध्ये राजवाड्यातील धर्मकृत्ये वेदोक्त पद्धतीने, म्हणजे पुराणातल्या नव्हे तर वेदातल्या मंत्रांनी, सुरू झाली. कोल्हापूरचे वेदोक्त प्रकरण सर्वांना ठाऊक असते, बडोदे मात्र त्याच्या आधीचे. १९०४ मध्ये बालविवाहाला प्रतिबंध करणारा कायदा झाला, आणि १९१५ मध्ये पुरोहितांसंबंधीचा. या दुसऱ्या कायद्याने पौरोहित्य करणाऱ्याने परीक्षा देऊन परवाना घ्यावा, आणि मंत्रांचा अर्थ यजमानाला त्याच्या भाषेत सांगावा, अशी अपेक्षा ठेवली. लग्नात सप्तपदी चालणाऱ्या वधूवरांना आपण काय वचन देतो आहोत हे कळावे, इतकी ही साधी मागणी आहे. ती आजही बहुतेक मांडवांत पुरी होत नाही.

कायदा दरबाराचा असला, तरी गाव त्याच्यामागे चालेलच असे नव्हते. डॉ. भीमराव आंबेडकर १९१३ मध्ये बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१७ मध्ये नोकरीसाठी परतले, तेव्हा या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतूनही त्यांना बाहेर पडावे लागले. शाळा, शिष्यवृत्ती, कायदा हे सारे असलेल्या राज्यात हे घडले, आणि ते वगळून बडोद्याच्या सुधारणांविषयी लिहिणे प्रामाणिक ठरणार नाही. पुढे १९३६ मध्ये जातिनिर्मूलनावरील भाषणासाठी लिहिलेल्या मजकुरात आंबेडकरांनी मांडले की पौरोहित्य वंशपरंपरेने चालू नये, सरकारी परीक्षा उत्तीर्ण होऊन सनद मिळवलेल्यानेच ते करावे.

दुसरी बाजू ग्रंथांची. बौद्ध धर्म मराठीत आणण्यात बडोद्याचा वाटा मोठा आहे. बौद्ध धर्माचे अभ्यासक धर्मानंद कोसंबींना सयाजीरावांनी दरमहा पन्नास रुपये दिले, अट एवढीच की त्यांनी महाराष्ट्रात राहून लिहावे. विठ्ठल रामजी शिंदे १९०१ मध्ये ऑक्सफर्डला तौलनिक धर्मशास्त्र शिकायला गेले, त्यांच्या प्रवासखर्चाचा भार दरबाराने उचलला. चिं. वि. राजवाडे यांनी ‘दीघनिकाय’ हा बुद्धाच्या दीर्घ उपदेशांचा पाली संग्रह मराठीत आणला. बडोदे कॉलेजात तत्त्वज्ञान आणि तौलनिक धर्माभ्यास शिकवण्यासाठी आल्बन विजरी या इंग्रज प्राध्यापकांची नेमणूक झाली. आपल्या धर्माकडे इतर धर्मांच्या शेजारी ठेवून पाहणे, हे वर्गात शिकवण्याचे काम ठरले.

त्याहून मोलाचे काम पोथ्यांचे. संस्थानातील पाटण येथे जैन भांडारांत ताडपत्रांचा मोठा साठा होता. चिमणलाल दलाल यांनी तो तपासला आणि त्यातून ‘गायकवाड्स ओरिएंटल सिरीज’ ही ग्रंथमाला उभी राहिली. राजशेखराची ‘काव्यमीमांसा’ १९१६ मध्ये तिचा पहिला ग्रंथ म्हणून निघाली. जुन्या पोथ्यांचा आणि ग्रंथांचा अभ्यास करणारी प्राच्यविद्या मंदिर ही संस्था १९२७ ची. या मालेत १९४० मध्ये जयराशी भट्टाचा ‘तत्त्वोपप्लवसिंह’ प्रसिद्ध झाला. प्रत्यक्ष, अनुमान, शब्द यांपैकी एकही प्रमाण, म्हणजे ज्ञानाचे साधन, टिकत नाही असे जयराशी एकेक पक्ष घेऊन दाखवतो. परलोक आणि कर्मफल यांचा आधारच त्यामुळे निसटतो. परलोक न मानणाऱ्या चार्वाक विचाराजवळचा, पूर्ण स्वरूपात हाती आलेला हा एकमेव ग्रंथ मानला जातो. त्याची पोथी पाटणच्या जैन भांडारात सुखरूप राहिली होती. ज्यांच्या मताचे त्यात खंडन आहे, त्यांनीच ती शतकानुशतके जपली. संपादकांपैकी एक पंडित सुखलाल, किशोरवयात देवीच्या आजाराने दृष्टी गेलेले. इतरांकडून वाचून घेऊन, ऐकून, त्यांनी हा दुर्घट ग्रंथ रसिकलाल परीख यांच्यासह सिद्ध केला. भारतात श्रद्धेबरोबर शंकेचीही परंपरा होती असे म्हणताना ज्या ग्रंथाकडे बोट दाखवता येते, तो बडोद्यातून छापून आला.

बुद्धीपलीकडच्या अनुभवाचीही या शहराशी एक गाठ आहे. सुरतच्या काँग्रेसनंतर, १९०८ च्या आरंभी, अरविंद घोष यांनी मराठी योगी विष्णू भास्कर लेले यांच्याबरोबर येथल्या एका वाड्यात तीन दिवस ध्यान केले. मन पूर्ण शांत झाल्याचे अरविंदांनी पुढे लिहून ठेवले आहे.

स्वातंत्र्यानंतर प्राच्यविद्या मंदिर महाराजा सयाजीराव विद्यापीठात आले. येथे वाल्मीकि रामायणाची चिकित्सक आवृत्ती सात खंडांत तयार झाली (१९६०–७५). निरनिराळ्या लिप्यांतील आणि प्रांतांतील पोथ्या ओळीओळीने ताडून पाहायच्या, आणि सर्वांत जुना म्हणून ज्याला आधार मिळेल तोच पाठ वर घ्यायचा, अशी ही रीत. त्या पाठात लक्ष्मणरेषा नाही. अहल्या शिळा होत नाही. वायुभक्षण करीत, राखेत पडून, कोणालाही न दिसता ती आश्रमात राहते. रामनवमीच्या कीर्तनात मात्र बुवा रेषाही ओढतात आणि शिळाही उभी करतात, आणि श्रोत्यांचे डोळे भरून येतात. हे दोन्ही राम एकाच शहरात नांदतात. चिकित्सक आवृत्तीने वगळलेले श्लोकही फेकून दिलेले नाहीत. कोणत्या पोथीत काय आढळते याच्या नोंदीसह ते तिच्यात छापलेले आहेत.